पस्तीस हजारांची पोर

पुणे, ३ जून २०२५

सोनम,

तुला बारावीला एकाहत्तर टक्के पडले हे मला रेवाफुईकडून कळलं, तुझ्याकडून नाही. टेकडीवर चढून एक फोन करायला काय झालं होतं? पाड्यावर रेंज नाही हे मान्य. पण होळीच्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी नव्या कपड्यांचे फोटो पाठवायला बरोबर चढायचीस. असो. एकाहत्तर म्हणजे चांगलेच आहेत. आपल्या घरात एवढे कुणालाच पडले नव्हते, मलाही नाही, आणि मला ते जरा टोचलं हेही सांगून टाकते.

आता मुद्द्याचं. बाबाने बहिणीला सगळं सांगितलंय. फुई म्हणाली की तू माझ्याच कॉलेजात, माझ्याच कोर्सला नाव घातलंस. बी.एस्सी., माहिती प्रणाली, मॅनेजमेंटची सीट. शहाद्याच्या बँकेतून कर्ज. चौदा जुलैला कागदांवर सह्या, आणि बाबा माझ्या वेळेसारखाच अंगठा द्यायला तयार.

माझं ऐक, ह्या कोर्सला जाऊ नकोस. सगळं इंग्रजीतून असतं, पहिलं वर्ष डोक्यावरून जातं. वर्गात आपल्याकडचं कुणी नसतं आणि आडनाव सांगितलं की पोरी ‘म्हणजे कुठलं गाव?’ असं विचारत बसतात. हॉस्टेलच्या आमटीत गूळ असतो. तू दोन दिवसांत रडत परत येशील. त्यापेक्षा नर्सिंगचं बघ, नाहीतर शहाद्याला साधं बी.ए. कर. तुला माणसांत राहायला आवडतं, ह्यात दिवसभर पडद्याकडे बघायचं असतं.

मी बरी आहे. काम चालू आहे. ऑफिसात एसी असल्यामुळे उन्हाळा कळलाच नाही. होळीला आले नाही म्हणून बाबा अजून धुमसत असेल, त्याला सांग, खरंच सुट्टी नव्हती.

लगेच उत्तर लिही. फुईच्या अंगणवाडीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी पोस्टमन येतो, त्याच्याकडे दे.

तुझी थोरली,
रंजिता

पुणे, १४ जून २०२५

सोनमबाई,

चार ओळींचं उत्तर, आणि चारही ओळींत मला टोचून घेतलंस. ‘तू पस्तीस हजार कमावणार, पुण्यात एसीत बसणार, आणि मी शहाद्याला बी.ए. करणार. आपल्या घरात मोठं व्हायचं फक्त तुलाच माहीत का?’ हे वाचून मी कागद चुरगाळला, मग परत सरळ केला. तुझं अक्षर माझ्याहून चांगलं झालं आहे.

मी जळत नाही गं तुझ्यावर. जळायला माझ्याकडे वेळ नाही.

तुझ्या कागदाच्या मागे फुईने जे लिहिलं होतं ते वाचल्यापासून मात्र मला नीट झोप नाही. भूपेशच्या घरचे मला मागायला आले, पंच बसले, आणि मला विचारायच्या आधी देजाचा आकडाही ठरला! भूपेशबद्दल माझी तक्रार नाही, ते तुला ठाऊक आहे, मागच्या वर्षी भोंगऱ्यात माझ्यामागे उभी राहून तूच दात काढत होतीस. वनरक्षक आहे, दारू कमी पितो, बोलतो नीट. तक्रार आकड्याची आहे. फुई लिहिते, बाबा पंचांसमोर उभा राहून म्हणाला, ‘माझी पोर महिन्याला पस्तीस हजार आणते. त्या हिशोबाने बोला.’ आणि ते अडीच लाखांवर आले. लाख रुपये हातात दिलेसुद्धा.

माझ्या जुन्या खोलीतल्या ममताला मी एकदा देज समजावून सांगत होते. तिला वाटायचं पैसे मुलीकडचेच देतात. मी म्हटलं, आमच्यात नाही. पोर गेली की बापाच्या घरातले कमावते दोन हात जातात, त्याची भरपाई मुलाकडचे बापाला देतात. आणि पोर पुढे नवऱ्याला सोडून आली, तर बापाला ती भरपाई परत करावी लागते. ती म्हणाली, हे तर चांगलं आहे. मी पण तेव्हा मान ताठ करून म्हटलं, आहेच चांगलं. तेव्हा माझ्या हातांना कुणी भाव लावला नव्हता.

आणि तो लाख म्हणे तुझ्या पहिल्या वर्षाच्या फीला. उरलेलं बँक देणार. बाबा म्हणाला, ‘रंजिताची उचल फिटली, आता सोनमची घेऊ.’

सोनम, इथे बाबाची एक मोठी चूक होते आहे आणि ती मी इतकी वर्षं होऊ दिली. उसाच्या तोडीला जाताना मुकादम दिवाळीला उचल देतो, आई-बाबा सहा महिने राबतात, मुकादम त्यातून कापून घेतो आणि ट्रक परत आला की बहुतेक फिटलेली असते. बाबाला वाटतं, माझं शिक्षण म्हणजे कंपनीने दिलेली उचल होती. पोर कंपनीत गेली, कंपनी कापून घेते, आणि पस्तीस हजार म्हणजे कापून झाल्यावर हातात येणारे. दोन हंगाम झाले, म्हणजे पोर सुटली. तो बोटांवर हंगाम मोजतो.

तसं नाही. उचल बँकेची आहे. कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी सहा लाख चाळीस हजार घेतले, शिकत होते तेवढ्यात व्याजाने ते साडेसात लाखांच्या वर गेले. हप्ता दहा हजार दोनशे. दहा वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष आत्ता संपतंय.

म्हणून पस्तीसमधले पंचवीसच उरतात, आणि पुणं महाग आहे. एवढ्यासाठीच मी घरी फार पाठवू शकत नाही. एवढंच सांगायचं होतं. तुझी फी आता वाढलेली आहे, तुझं कर्ज आठ लाखांच्या पुढे जाईल. तेव्हा विचार कर.

रंजिता

नवापूर, २४ जून २०२५

सोनू,

तू पाकिटावरचा शिक्का वाचलास.

तुझी उत्तरं पुण्याच्या पत्त्यावरून ममता मला पुढे पाठवते, पण मी वर पुणे लिहिलं आणि पाकीट इथल्या पोल्ट्रीच्या टपालाच्या थैलीत टाकलं. तिकिटावर नवापूर असा शिक्का बसेल हे माझ्या लक्षातही आलं नाही. माहिती नीट कशी ठेवायची, याची पदवी आहे माझ्याकडे! तू लिहिलंस, ‘ताई, पुण्याचं पत्र नवापूरवरून का येतं?’ बस, एवढंच. ह्या वेळी टोचणं नव्हतं आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

ठीक आहे. आता सगळं लिहिते, आणि हे फुईला वाचू देऊ नकोस.

मी पुण्यात नाही. मागच्या ऑक्टोबरपासून नवापूरला आहे. पुण्यातल्या नोकरीत मला अठरा हजार होते. पस्तीस कधीच नव्हते. कॉलेजात प्रवेशाच्या वेळी जो माणूस आपल्याला माहितीपत्रक देत होता त्याने पस्तीस म्हटलं होतं, आणि नोकरी लागल्यावर बाबाने विचारलं, ‘किती?’, तर माझ्या तोंडून तेच निघालं. शेजारी चार माणसं उभी होती. बाबा त्या चौघांकडे वळला आणि त्याने आकडा परत म्हणून दाखवला. मग मला तो मागे घेता आला नाही. मी स्वतःला सांगितलं, वर्षभरात पगार वाढेल आणि खोटं आपोआप खरं होईल.

वाढला नाही. अठरातले सहा एका कॉटचे जायचे. हप्ता सुरू झाला तेव्हा दोन हजार उरायला लागले. मग कंपनीने आमचं खातंच बंद केलं, आम्हा चौदा जणांना एका शुक्रवारी सांगितलं की सोमवारी येऊ नका. दीड महिना मी अर्ज करत होते. वर्गातले सगळेच तसे नाहीत, हेही खरं सांगते. दोघा-तिघांना चाळीसच्या वर मिळतात. पण त्यांच्या घरी आधीपासून संगणक होता, त्यांच्या ओळखी होत्या, सहा महिने विनापगार शिकायची ऐपत होती. मला पहिल्या महिन्यापासून पगार हवा होता, म्हणून मिळेल ते घेतलं आणि त्यातच राहिले.

इथे पोल्ट्रीच्या ऑफिसात बसते. कोंबड्या किती, खाद्य किती, अंडी किती, मेल्या किती, सगळं संगणकात भरते. पंधरा हजार. एसी नाही, पंखा आहे आणि त्याच्याबरोबर वास येतो. अंडी निवडणाऱ्या बेबीबाईंच्या घरात एक खोली आहे, पंधराशे भाडं. तडकलेली अंडी त्या मला देतात. बायका चांगल्या आहेत, मला ‘मॅडम’ म्हणतात आणि त्याचीच मला लाज वाटते.

मॅनेजर हेमकांतभाऊ नंदुरबारजवळच्या कोरीट गावचे आहेत. पहिल्याच दिवशी माझी मार्कशीट बघून त्यांच्या बोलीत म्हणाले, ‘पोरी, तू इतली शिकेल शे, मंग आठे अंडास्ना हिशोब का करी ऱ्हायनी?’ मी म्हटलं, भाऊ, हप्ता आहे. त्यांनी मला खुर्ची दाखवली.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. ती सांगितली नाही तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. पोल्ट्रीचं फाटक हायवेवर आहे. एप्रिलमध्ये उसाचे ट्रक गुजरातेतून परत यायला लागले. मी रोज संध्याकाळी बघायची. एक दिवस एक ट्रक फाटकाजवळ पाण्यासाठी थांबला. वर बोचकी, शेळ्या, पोरं, आणि मागच्या फळीला टेकून बाबा उभा होता. आई खाली उतरून हंडा भरत होती. माझ्यापासून, सोनू, शाळेच्या व्हरांड्याएवढ्या अंतरावर. तिच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. मी ओढणी तोंडावर घेतली आणि आत गेले, खाद्याच्या पोत्यांमागे. ट्रक गेल्यावरही बराच वेळ मी तिथेच बसले होते. होळीला आई-बाबा उसातून दोन दिवस घरी आले होते, तेव्हाही मी का आले नाही ते आता तुला कळलं असेल. मला आईच्या समोर पुण्याची पोर म्हणून उभं राहता येत नव्हतं.

आता तरी सही करू नकोस. कुणाला काही सांगू नकोस, फक्त म्हण की मला जायचं नाही.

ताई

नवापूर, ५ जुलै २०२५

सोनम,

तुझं पत्र चार दिवसांपासून उशीखाली आहे.

मला वाटलं होतं तू रडशील किंवा मला शिव्या देशील. तू तर सौदा लिहून पाठवलास. ‘तू गप्प बस, मी गप्प बसते. बाबाला कळलं तर पंचांसमोर तो खोटा पडेल, दंड बसेल, लाख परत द्यावे लागतील, भूपेश जाईल. आणि मी घरी राहिले तर दिवाळीनंतर मला कोयता घेऊन ट्रकमध्ये चढवतील, नाहीतर माझ्यासाठी कुणी तरी येईल. तू लग्न कर, मी पुण्याला जाते. तुला नोकरी नाही लागली, मला लागेल. मी तुझ्यासारखी घाबरट नाही.’

तीन दिवस मी हा सौदा मनातल्या मनात मान्य केला होता. हे तुझ्यापासून लपवत नाही. भूपेश मला आवडतो. त्याच्या घरी गेले की पगार कुणी विचारणार नाही, नोकरी सोडली असं सांगता येईल, हप्त्याचं पुढे बघू. मी हे सगळं नीट मांडून बघितलं. तुझ्या धाकट्या डोक्यातून निघालेलं असलं तरी ते चोख आहे.

पण मग भूपेशच्या बापाचा विचार आला. त्यांनी तो लाख कुठून आणला असेल? दोन बैल विकले असतील, नाहीतर त्यांनीही कुणाकडून उचल घेतली असेल. पस्तीस हजार आणणारी सून म्हणून. आणि घरात पाऊल ठेवल्यावर महिन्याभरात त्यांना कळणार की सून रिकाम्या हाताने आली आणि वर दहा हजार दोनशेचा हप्ता घेऊन आली. मग मी त्या घरात नऊ वर्षं मान खाली घालून राहायचं, कारण परत यायचं म्हटलं तर बाबाकडे देज परत द्यायला काही नाही, ते तुझ्या फीत गेलेलं.

आणि तुझं. तू घाबरट नाहीस, मान्य. तू माझ्याहून हुशार आहेस, तेही मान्य. तुला वीस मिळतील, पंचवीससुद्धा मिळतील. तुझा हप्ता तेराच्या आसपास येईल. तुझ्याकडून कुणी खोलीचं भाडं मागणार नाही असं तुला वाटतंय का? मला काय मिळालं ते मी तुला सांगते आहे आणि तुला वाटतं मी कमी पडले. कमी पडले असेनही. पण कमी पडायची सोय असायला हवी गं. ह्या कर्जात ती सोय नाही.

दुसरा रस्ता आहे. मला तो तेव्हा ठाऊक असूनही धीर धरवला नाही. जातवैधतेचा कागद असला की सरकारी कोट्यातून हाच कोर्स मिळतो, फी जवळजवळ माफ. माझा कागद वेळेत झाला नाही, कारण अर्ज भरायचा तो हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात बाबा उसात. त्याचा अंगठा नाही, पहिलीत त्याचं नाव घातलं होतं त्या शाळेचा दाखला काढायला कुणी नाही. तुझंही तसंच झालं. सगळ्या पाड्यांवरच्या पोरांचं तसंच होतं. कागद एक वर्षाने येतो, तोपर्यंत पोरं एकतर कर्ज घेतात नाहीतर शिक्षण सोडतात. एक वर्ष, सोनम. आठ लाखांच्या बदल्यात एकच वर्ष.

काल हेमकांतभाऊंना हे थोडंफार सांगितलं, कारण मला चौदा तारखेची सुट्टी हवी होती. त्यांनी खाद्याच्या पावत्या बाजूला सारल्या. मग म्हणाले, ‘सांगी टाक बापले. ती पोर सही करी बसनी, मंग सांगीसन काय उपेग?’ आणि सुट्टी लिहून दिली, पगार न कापता.

तेव्हा सांगून ठेवते. चौदाला तू बँकेत गेलीस तर मीही तिथे येईन. तू न जाता घरी राहिलीस तर मी घरी येईन. बाबाला मी सांगणार आहे. माझा तिरस्कार करायचा असेल तर आत्तापासून कर, मला सवय व्हायला हवी.

रंजिता

नवापूर, १७ जुलै २०२५

सोनू,

हे पत्र बाबा स्वतः फुईच्या घरी घेऊन येईल. त्याला वाचता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल मोकळेपणाने लिहिते.

तू मला बँकेच्या दारात बघितलंस आणि पिशवी उचलून निघून गेलीस. हाक मारली तरी थांबली नाहीस. त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही, आणि बाबा सांगणार नाही. तो अशा गोष्टी सांगत नाही.

त्याचा अंगठा शाईत बुडवून झाला होता. क्लार्कने कागद धरला होता. मी बसमध्ये सगळं मराठीत पाठ केलं होतं, साहेबांनाही कळावं म्हणून. तिथे एक शब्द आठवला नाही. ‘बाबा, थांब’ म्हटलं आणि आपल्या बोलीतच सगळं बोलले. आपली बोली मला लिहिता येत नाही, म्हणून इथे मराठीत लिहिते आहे. त्याला आधी वाटलं पाड्यावर कुणी तरी गेलं.

मी सांगितलं की पस्तीस नव्हते, कधीच नव्हते. पुण्यात नाही, नवापूरला आहे. ट्रकचंही सांगितलं. तो शाईचा अंगठा वर धरून बसला होता. संपल्यावर त्याने विचारलं, ‘उचल कंपनीने दिली नव्हती?’

म्हटलं, ‘नाही. ह्याच बँकेने दिली. तुझ्या आणि माझ्या नावावर.’

‘म्हणजे हंगाम संपला तरी सुटत नाही?’

‘नाही. अजून नऊ वर्षं.’

मला त्याच्या ओठांवरून कळत होतं की तो हिशोब करतो आहे. दर एप्रिलला मुकादमासमोर बसून करतो तसाच, एकूण किती, कापले किती, राहिले किती. मी तयारी केली होती की तो उठून मला मारेल, चारचौघांत. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘पंधरातून दहा गेले. खोलीचे दीड गेले. मग तू खातेस काय?’

सोनू, दोन वर्षांत मला सगळ्यांनी विचारलं किती मिळतात. हे कुणीच विचारलं नव्हतं. मी क्लार्कसमोर, साहेबांसमोर, रांगेतल्या सगळ्यांसमोर रडले. साहेबांनी पाणी मागवलं. बाबाने तो ग्लास घेतला, थोडं पाणी अंगठ्यावर ओतून शाई धोतराला पुसली आणि उरलेलं मला दिलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत साहेबांना म्हणाला, ‘साहेब, आज नाही.’

बाहेर आल्यावर आम्ही तुला स्टँडवर शोधलं. कंडक्टर म्हणाला, धडगावच्या गाडीत एक पोर रडत बसली होती. ती गाडी फुईच्या दारावरून जाते, म्हणजे तू तिच्याकडे गेलीस हे कळलं. मग बाबा म्हणाला, ‘चल, कुठे राहतेस ते दाखव.’ तो माझ्याबरोबर नवापूरला आला आणि तीन रात्री राहिला. बेबीबाईंनी त्याला अंडी करून घातली. तो ऑफिसच्या दारात उभा राहून मी संगणकावर काय करते ते बघत होता. कोंबड्यांचा आकडा मी कसा काढते ते त्याने दोनदा विचारलं.

काल संध्याकाळी खोलीत बसलो होतो तेव्हा म्हणाला, ‘आता परत पहिल्यापासून विचारलं, तर शिकशील?’

मला ठाऊक होतं की ‘नाही’ म्हटलं तर तुझा प्रश्न तिथेच मिटेल. तो तुला कधीच पाठवणार नाही. आणि मी दीड महिना तुला हेच पटवत होते, जाऊ नकोस, तुला जमणार नाही, आमटीत गूळ असतो. पण बाबाशी अजून एक खोटं बोलायची माझ्यात ताकद उरली नव्हती. मी म्हटलं, ‘शिकेन. वर्षभर थांबेन, पण शिकेन.’ बोलून झाल्यावर मलाच कळलं की हे खरं आहे. हप्ता मला नकोसा आहे, ती पदवी नाही. मला ते काम कळतं, सोनू. कोंबड्यांचं का असेना, मी बांधलेली नोंद चुकत नाही आणि त्याचा मला आनंद होतो. हे मी तुला आधी लिहायला हवं होतं. तुला घाबरवताना मी हे सगळं दडपलं.

त्याने विडी चोळून पेटवली. मग म्हणाला, ‘मग ती पण शिकेल. कागद येऊ दे.’ आणि म्हणाला की ह्या दिवाळीला मुकादमाकडून उचल घेणार नाही. तुझा अर्ज भरेपर्यंत, त्याचा शाळेचा दाखला निघेपर्यंत, सही लागेल तिथे अंगठा उठवेपर्यंत तो पाड्यावरच राहणार. मी विचारलं, मग घर कसं चालणार? म्हणाला, रोजगार हमीवर जाईन, मोहाची फुलं वेचू, बघू. ‘माझ्यावाचून साखर व्हायची थांबणार नाही.’ आणि वर्षभर तुझ्यासाठी कुणी आलं तर दारातूनच परत. हे त्याने आईची शपथ घेऊन सांगितलंय. त्याने शब्द मोडला तर मला लिही, मी येऊन भांडेन.

हे वर्ष तुला लांब वाटेल. मला माहीत आहे. तुझ्याबरोबरच्या पोरी ऑगस्टमध्ये पुण्याला जातील आणि तुला फोटो पाठवतील. तू मला शिव्या घालशील. घाल. वाटलं तर दोन-चार महिने इथे ये, इंग्रजी मी शिकवते, संगणकही. खोलीत दोघी मावू.

भूपेशला मी नंदुरबार स्टँडवरून फोन करून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘घरचे काय म्हणतात बघू.’ मी म्हटलं, बघ. फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतंय, आणि त्यावर मला आत्ता काही शहाणपणाचं लिहिता येत नाही.

लाख रुपये घरात कोठीत तसेच आहेत, मोडलेले नाहीत. रविवारी पंच बसणार आहेत. बाबा ते परत देईल. दंड बसेल, एक बोकड आणि काही रक्कम, तो म्हणतो देऊ. काल रात्री तो म्हणाला, बोलायचं काम माझं, मी पंचांना सांगितलं होतं तर मीच मागे घेईन. मी म्हटलं, नाही. आकडा माझ्या तोंडून निघाला होता. शनिवारी मी गाडीत बसते आणि रविवारी पंचांसमोर मी उभी राहते. महिन्याला पंधरा हजार, त्यातले दहा हजार दोनशे बँकेचे. एवढं एक वाक्य सगळ्या पाड्यासमोर म्हणायचं आहे. आत्तापासून ते खोलीत पुन्हा पुन्हा म्हणून बघते आहे. कुणी तरी हसेलच.

तू ये. माझ्या बाजूने उभी राहा असं म्हणत नाही, मागे बायकांत बस. तूही हसशील की काय, ते मला माहीत नाही. तरी ये.

ताई